वॉरंट पायानं येतं

गेल्या आठवड्यात शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा खात होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या भारदस्त आवाजानं मला हिंदीत कळवलं, की माझ्या नावानं अटक वॉरंट निघालंय आणि तासाभरात पोलीस दारात येतील. मी हातातला घास आधी खाल्ला. मग म्हटलं, "कुठलं कोर्ट? केस नंबर सांगा, लिहून घेते." पलीकडून एक शिवी आली आणि फोन बंद झाला. शेजारी बसलेल्या चित्रकलेच्या सरांनी विचारलं, "मॅडम, भीती नाही वाटली?"

वाटली की. पण घास आधी खायचा आणि मग केस नंबर विचारायचा, हे मला ज्या बाईंनी शिकवलं त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. त्यांचं नाव विमल सोनवणे. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मात्र त्यांना या नावानं ओळखणारी माणसं थोडी. सगळे त्यांना वॉरंटबाई म्हणत, आणि बाईंना त्यात काही वावगं वाटत नसे.

बाई पोलीस खात्यात हवालदार होत्या. नोकरीतली बरीच वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं, समन्स आणि वॉरंटं बजावायचं. कोर्टानं काढलेला कागद घ्यायचा, त्यावरचा माणूस शोधायचा, कागद त्याच्या हातात द्यायचा किंवा त्यालाच घेऊन यायचं. खात्यात हे काम कुणाला नको असे. त्यात ना रुबाब, ना पेपरात फोटो, नुसती पायपीट. बाईंना ते का मिळालं हे त्याच सांगत, "साहेब म्हनले, बाईमानूस दिसलं की लोक दार उघडत्यात. म्हटलं, उघडत्यात तर उघडू द्या." दोन तालुक्यांत असा फाटा नसेल जिथं त्या एसटीतून उतरल्या नाहीत.

मी त्यांना पाहिलं ते निवृत्तीनंतर, कापूरहोळला. भोरचा रस्ता हायवेवरून फुटतो तिथं त्यांच्या सुनेचं, रूपालीचं, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला वडापावची गाडी. दुकानाच्या पायरीवर लाल प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत बाई. ठेंगणा बांधा, अंगावर साधी सुती साडी आणि पायात खात्यातले काळे बूट. साडीवर बूट बघून कुणी हसलं तर म्हणत, "साडीची सवय घरानं लावली, बुटाची सरकारनं. दोगांचं बी राखलं पायजे." रस्त्यानं जाताना कुणी 'जय भीम' घालो नाहीतर 'राम राम', दोघांना बाईंचं उत्तर एकच असे, "जेवलात का?"

तो प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारलेला नव्हता. नोकरीच्या सुरुवातीला बाई एका वाडीवर वॉरंट घेऊन गेल्या. माणूस नुकताच ताटावर बसला होता. बाई नव्या, अंगात वर्दीची ऊब, म्हणाल्या, उठा. तो मुकाट्यानं उठला आणि हात धुऊन चालायला लागला. त्याच्या म्हाताऱ्या आईनं त्या ताटावर परात पालथी घातली. त्या माणसाला परत यायला चार दिवस लागले. "ती परात मला आजून दिसती," बाई सांगायच्या. "कोर्टाच्या कागदावर कुठं लिवलंय का, की उपाशी आना? न्हाई लिवलेलं." तेव्हापासून त्या कुणाच्याही दारात गेल्या की आधी स्वतःसाठी पाणी मागायच्या, मग समोरच्याला जेवायला बसवायच्या आणि ताट रिकामं झालं की मगच कागद काढायच्या. त्यांच्या हातून जेवण टाकून कुणी पळालं नाही. जेवून मात्र दोघे पळाले, हेही त्या तितक्याच मोकळेपणानं सांगत.

लोक त्यांच्याकडे भीती घेऊन येत. माझ्या नावावर काही निघालंय का, भावाच्या नावावर काही आहे का, अमका म्हणतो माझ्यावर वॉरंट आहे, खरं का हो? बाई डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा टेकवत सात गोष्टी मोजायच्या. कोर्टाचं नाव, केस नंबर, माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, सही, शिक्का. "सातातलं एक नसलं तरी थांबायचं. आनि सातबी असली तर लपायचं न्हाई." मग रूपालीला सांगून कॉम्प्युटरवर कोर्टाची सरकारी वेबसाइट उघडायला लावायच्या. तिथं जिल्हा निवडला, कोर्ट निवडलं आणि नाव नाहीतर नंबर घातला, की केस आहे की नाही, पुढची तारीख कुठली, हे कुणालाही फुकट दिसतं. हे मला माहीत नव्हतं, आणि मी एम. ए. बी. एड. आहे. मिळालेला नंबर बाई कागदावर न लिहिता निळ्या पेनानं तळहातावर लिहीत. कागद हरवतो, हात हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकदा भाटघरचे एक निवृत्त गुरुजी दुकानात आले, हातात चालू फोन धरून. पडद्यावर वर्दीतला एक माणूस ओरडत होता. गुरुजी घामानं भिजले होते. सकाळपासून त्यांना फोन बंद करू दिला नव्हता, कुणाशी बोलायचीही बंदी होती. झेरॉक्स मात्र काढायला सांगितली होती, आधारकार्डाची आणि पासबुकाची, म्हणून ते आलेले. बाईंनी फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "साहेब, जेवलात का?"

पडद्यावरचा माणूस गडबडला. "आप कौन?"

"मी वॉरंटबाई. कोर्ट कुठलं म्हनला? आनि केस नंबर? बरं, बजावायला कोन येनार हाय? येष्टीनं येनार का गाडीनं? येष्टीनं आलं तर भोरला उतरा म्हनावं. मी न्यायला येते."

फोन बंद झाला. गुरुजी खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. बाईंनी त्यांच्या हातात वडापाव दिला आणि समोर उभ्या राहिल्या, तो संपेपर्यंत. मग म्हणाल्या, "गुर्जी, एक ध्यानात ठिवा. खरं वॉरंट पायानं येतं. ते फोनवर येत न्हाई, आनि ओरडत तर आजिबात येत न्हाई."

आता आमचं. हे सांगताना मला अजूनही जरा अवघडल्यासारखं होतं, पण ते सांगितल्याशिवाय बाई कळणार नाहीत.

आमचं मूळ गाव तांबडवाडी, वेल्ह्याच्या डोंगरातलं. ते धरणात गेलं तेव्हा मी शाळेत होते. घरं चहूकडे पांगली; आम्ही शिवऱ्याला, हायवेच्या कडेला आलो. पण माझ्या वडिलांना, अण्णांना, कुणी गाव विचारलं तर ते आजही तांबडवाडीच सांगतात. ते एकटेच नाहीत. धरणात गेलेल्या गावांची माणसं लग्नपत्रिकेवर पत्ता घालतात तोही बुडालेल्या गावाचा. राहता कुठे हा एक प्रश्न आणि गाव कुठलं हा दुसरा. आमच्या लोकांना पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर द्यायची खोड आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अण्णा टेम्पो चालवत. हायवेला त्यांच्या टेम्पोचा एका मोटारसायकलला धक्का लागला आणि चालवणाऱ्याचा हात मोडला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, पत्ता विचारला. अण्णांनी छाती पुढे काढून तांबडवाडी सांगितली. पुढे त्या माणसाचा हात बरा झाला, दोघांनी ढाब्यावर एकत्र चहा घेतला आणि प्रकरण मिटलं. म्हणजे त्या दोघांच्या मते मिटलं. ते कोर्टालाही कळवायचं असतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

अलीकडे अण्णा शाळेची व्हॅन चालवत. गावातली बावीस पोरं त्यांच्या भरवशावर जायची-यायची आणि या भरवशाचा त्यांना फार अभिमान होता. एका संध्याकाळी शेजारच्या संपतनं गावच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. पोलीस ठाण्यातल्या फरारी आरोपींच्या यादीचा. एका नावाभोवती लाल गोल काढला होता. ते नाव अण्णांचं होतं. दुसऱ्या दिवशी दोन आयांनी दारातूनच सांगितलं, "आज आमीच सोडतो पोरांना." तिसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन अंगणात उभी होती, फोन फळीवर होता आणि अण्णा घरात नव्हते. दुपारी निरोप आला, की ते वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आत्याच्या घरी आहेत आणि कुणी शोधायला येऊ नये.

जन्मात कुणाचं वाकडं न केलेला माणूस, वयाच्या साठीत पळून गेला. आई चुलीपुढं बसून राहिली. मी कापूरहोळला गेले.

बाईंनी आधी मला वडापाव खायला लावला. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. मग फोटो पाहिला. "खालचा आर्धा कागद कुठं हाय? तारीख कुठं? सही कुठं? फोटूवर कुनाला फरारी करायचं न्हाई. चला, फळा बघू."

पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात तो नोटिसांचा फळा होता. त्या दारावरून मी शेकडो वेळा गेले असेन, फळा कधी पाहिला नव्हता. "ह्ये समद्यांनी वाचावं म्हनून लावलेलं असतंय," बाई म्हणाल्या. "पन वाचतं कोन? ठान्याम्होरनं जाताना आपून मान खाली घालून जातो." यादीवर बोट ठेवून त्या एकेक नाव वाचत खाली आल्या. मी मनात म्हणत होते, खोटं निघू दे. बोट थांबलं. अण्णांचं नाव, आजोबांचं नाव, राहणार तांबडवाडी, पुढे केस नंबर. खाली सही, शिक्का. बाईंनी नंबर तळहातावर लिहिला.

दुकानात येऊन वेबसाइटवर नंबर घातला. भोरच्या कोर्टातली केस, वाहन अपघाताची. त्याखाली तारखांची ही लांबलचक रांग, आणि समन्स बजावणी न होता परत, वॉरंट बजावणी न होता परत. दोन दिवस माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं होतं. मी म्हटलं, "एवढंच?"

"येवढंच. पन येवढ्यासाठी बी बेडी पडती," बाई म्हणाल्या. "उद्या आत्याकडं जाऊ."

पासष्टीच्या बाई, गुडघे दुखरे. एसटी जिथवर जाते तिथवर एसटीनं आणि पुढचा चढ चालत गेल्या. आत्याच्या घरी अण्णा मागच्या पडवीत बसले होते, दाढी वाढलेली. बाईंचे बूट बघून ते उभे राहिले. बाईंनी पाणी मागितलं, प्यायल्या, आणि आत्याला म्हणाल्या, "ह्यास्नी वाढा."

"मला न्यायला आलाय न्हवं?" अण्णा म्हणाले. "वॉरंट काढा. जेवायचं काय त्यात."

"मी पायानं आलीया खरी. पन वॉरंट घिऊन न्हाई आले. आदी जेवा."

अण्णा जेवले. ताट बाजूला सारल्यावर बाई त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या. "दादा, आजपत्तुर तुमी फरारी नव्हता. कागदाला तुमी सापडला न्हाई, येवढंच. पन उद्यापासनं हितं लपून राहिला तर खरंच फरारी व्हाल. मग ती यादी खरी, आनि गावातली समदी खरी. काय करायचं ते तुमी ठरवा. मी खाली फाट्यावर बसते, येष्टीला आवकाश हाय."

आणि त्या खरंच उठून गेल्या. मला वाटलं, काय ही बाई, एवढं चढून आली आणि असं सोडून गेली. पण अर्ध्या तासानं अण्णा आपणहून दाढी करायला बसले.

दोन दिवसांनी भोरच्या कोर्टात आम्ही हजर. बाईंच्या ओळखीच्या एका वकिलांनी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज तयार केला. अण्णांना समन्स कधी मिळालंच नाही, हे दाखवायला त्यांनी जुनी फाइल काढून पहिला बजावणी अहवाल आम्हाला वाचून दाखवला: 'सदर गाव धरणाचे पाण्याखाली गेले असून सदर इसम मिळून आला नाही.' बाई म्हणाल्या, "बघू." चष्मा लावून त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या, आधीच स्वच्छ होता तरी.

न्यायाधीशांनी अण्णांना चार खडे बोल सुनावले, स्वतः हजर झाले म्हणून वॉरंट रद्द केलं आणि पुढची तारीख दिली. बाहेर आलो. अण्णा कोर्टाच्या पायऱ्यांवरच बसले. मी बाईंचे आभार मानायला वळले, तर त्या अण्णांसमोर हात जोडून उभ्या होत्या.

"दादा, त्यो अव्हाल माझा हाय. सही माझी हाय. त्या दिशी मी धरनाच्या काठापत्तुर गेले हुते. म्होरं समदं पानी. काठाला एक म्हातारा म्हशी राखीत हुता. त्याला नुसतं इचारलं असतं, तांबडवाडीची मानसं कुठं गेली, तर त्यानं घराघराचं सांगितलं असतं. पन फाट्यावर येष्टी लागली हुती, शेवटची. म्या इचारलं न्हाई. लिवलं आनि पळत सुटले. माझ्या आज्याचं गाव बी भाटघर धरनाच्या पान्यात हाय. दुसऱ्या कुनाला न्हाई तरी मला कळाया पायजे हुतं. पळाले मी, आनि नाव तुमचं लागलं."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. आईचा चेहरा आठवला, अंगणातली व्हॅन आठवली. ही चूक कुणाला कधीच कळली नसती आणि बाईंनी ती आपणहून सांगितली, हे मोठेपण मला त्या क्षणी दिसलं नाही. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी आईनं दिलेला डबा पिशवीतून काढला, झाकण उघडलं आणि बाईंना विचारलं, "जेवलात का?"

बाई पायरीवर बसल्या. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. भाकरी आणि वांग्याची भाजी होती, तिघांनी मिळून खाल्ली. माझा राग त्या डब्यातच कुठंतरी संपला.

कोर्टाच्या हुकुमाची नक्कल हातात आल्यावर बाईंनी मला सांगितलं, "ज्या ग्रुपवर फोटू आला त्याच ग्रुपवर ह्यो टाका. गोल काढू नगा. लोकांना वाचू द्या." मी टाकला. त्याखाली संपतनं फक्त एक नमस्कार पाठवला. ठाण्यातली यादी बदलेपर्यंत बाई दर आठवड्याला जाऊन फळा वाचून येत. नवी यादी लागली त्या दिवशी त्यांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, "न्हाई आता." पुढे मोटारसायकलवाल्या माणसानं कोर्टात येऊन आपलं म्हणणं सांगितलं आणि केसही संपली. त्या दोन आया काही दिवस आढेवेढे घेत राहिल्या, मग एका सकाळी त्यांची पोरं आपोआप व्हॅनमध्ये चढली. अण्णांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं.

मला आज जो काही धीर आहे तो त्या बाईंचा आहे. सरकारी कागदाची भीती ही न वाचल्याची भीती असते, हे मी आता नववीच्या मुलांना इतिहासाच्या तासाला सांगते. पुस्तकात नाही, पण सांगते.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते वेल्ह्यात, धरणाच्या काठावर. रविवार होता, अण्णा आणि मी आत्याकडून व्हॅननं परतत होतो. उन्हं कलली होती. काठावरच्या दगडावर एक म्हातारा म्हशी राखत बसला होता आणि त्याच्या शेजारी काळे बूट पाण्याकडे पसरून बाई बसल्या होत्या. अण्णांनी व्हॅन कडेला घेतली. आम्ही जवळ गेलो तेव्हा बाई त्या म्हाताऱ्याला कुठल्याशा बुडालेल्या वाडीची माणसं विचारत होत्या आणि तो बोटानं डोंगरापलीकडे दाखवत एकेक घर कुठं गेलं ते सांगत होता. आमच्याकडे बघून बाईंनी हात वर केला. तळहातावर निळ्या पेनानं चार नंबर लिहिलेले होते. फळ्यावरची जुनी नावं घेऊन त्या गावोगाव फिरत होत्या, आपण फरारी आहोत हे ठाऊकच नसलेल्या माणसांना सांगायला. त्यांतली किती वॉरंटं त्यांच्या हातून परत गेलेली होती, हे मी विचारलं नाही.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. शेवटची गाडी होती. बाई सवयीनं दगडावर हात टेकून उठायला लागल्या.

अण्णा म्हणाले, "बसा बाई. सावकाश इचारा. गाडी हाय आपली."